पॅनल की प्रोजेक्टर? आधी शेवटच्या बाकावर बसून बघा

तुम्ही विचारलंय, विद्यापीठाच्या नव्या इमारतीत साठ-साठ मुलांचे वर्ग करायचे आहेत, तर ६५ इंची पॅनल, म्हणजे भिंतीवरचा मोठ्या टीव्हीसारखा स्क्रीन घ्यावा, की प्रोजेक्टर. मी कोल्हापुरात कॉलेजांच्या वर्गांचं वायरिंग करतो, प्रोजेक्टर बसवतो. माझं म्हणणं, आधी खोलीची लांबी मोजा.

साधा हिशेब आहे. चित्राच्या उंचीच्या सहापटीहून लांब बसलेल्याला बारीक अक्षर वाचायला जड जातं. ६५ इंच हे तिरकं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप; पॅनलची उंची जेमतेम ३२ इंच, म्हणजे ते १६ फुटांपर्यंतच कामाचं. खोली ३० फूट असेल तर मागच्या मुलांना अक्षर लागणारच नाही. तिथं ५ फूट उंच चित्र हवं, म्हणजे प्रोजेक्टरच.

पण पडदा फळ्यावर सोडू नका, हे कळकळीनं सांगतो. एका कॉलेजात तसाच लावून घेतला होता. गणिताच्या मॅडम पडद्यावर आलेख दाखवायच्या, मग पडदा गुंडाळून फळ्यावर पायऱ्या लिहायच्या, की पुन्हा पडदा खाली. महिन्याभरात त्यांनी पडदा सोडणंच बंद केलं. फळा मधोमध राहू दे, पडदा बाजूच्या कोपऱ्यात थोडा तिरका लावा. पुढच्या रांगेतल्या ट्यूबलाइटना वेगळं बटण द्या. म्हणजे पडद्यापुढचा उजेड घालवूनही मागं मुलांना वहीत लिहिता येतं.

दुसरं, आपला पाऊस. जुलैत राधानगरी-गगनबावड्याकडं झड लागली की पत्र्याच्या छताखाली शिकवणाऱ्याचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडं जात नाही. लगेच स्पीकरची मागणी होते. पण आवाज घुमणाऱ्या खोलीत स्पीकर लावला तर घुमणंच वाढतं. आधी पत्र्याखाली आवाज शोषणारं सीलिंग करा, मागच्या भिंतीलाही तसेच बोर्ड लावा. पैसे कमी पडले तर पॅनल किंवा प्रोजेक्टर पुढच्या वर्षी घ्या, सीलिंग मात्र आत्ताच करा.

आणि गिलावा व्हायच्या आत टेबलापासून छतापर्यंत एक जाड पाइप रिकामा टाकून ठेवा, आत ओढायची तार सोडून. कोपऱ्यावर एल्बो (काटकोनी जोड) नको, मोठा बेंड (गोलसर वळण) घाला, नाहीतर प्रोजेक्टरला चित्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलचं तोंड तिथंच अडकतं. प्रोजेक्टर काही वर्षांनी बदलतोच, त्या वेळी भिंत फोडावी लागू नये.

खोलीची लांबी-रुंदी आणि खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते कळवा. पडदा कुठल्या कोपऱ्यात घ्यायचा ते सांगतो.