क्रोशे विणकाम : तुमचे प्रश्न

समईखाली ठेवायला पाच रंगांचा गोल रुमाल विणते आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत सपाट होता. पुढे दर फेरीत ६ खांब (उंच टाके) वाढवले, तर सहाव्या फेरीला वाटीसारखा वर आला. उसवून चौथ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब घातले, तर झालर पडली. कुठे चुकतंय? – एक वाचक, सांगली

हात चांगला आहे, हिशोब चुकला आहे. दर फेरीला ६ वाढवायचे हा नियम मुक्या खांबाचा, म्हणजे बुटक्या टाक्याचा. खांब मुक्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट उंच, म्हणजे दर फेरीत रुमालाच्या घेराची वाढही मुक्या खांबाच्या दुप्पट होते. तो भरायला दर फेरीला १२ खांब लागतात. तिसऱ्या फेरीला तुमचे ३६ झाले होते, सहावीला ७२ हवे होते, भरले ५४. १८ खांब कमी पडले की कड आत ओढली जाणारच. उलट चौथ्या फेरीत ४८ च्या जागी ७२ बसवले, मग झालर पडली.

सुरुवात अशी करा. ४ साखळ्यांचं (सुईवरच्या वेढ्यातून दोरा ओढून केलेल्या साध्या टाक्यांचं) कडं, त्यावर ३ साखळ्या (हा पहिला खांब धरायचा) आणि कड्यात ११ खांब, झाले १२. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, २४. तिसरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, ३६. चौथीत दोन टाक्यांत एकेक, तिसऱ्यात दोन, ४८. पुढे दर फेरीला मधला एकेरी खांब एकाने वाढत जातो. प्रत्येक रंग संपला की खांब मोजायचेच, कारण नवा रंग जोडल्यावर उसवणं जिवावर येतं.

आकडे बरोबर असूनही रुमाल किंचित वाटीसारखा होत असेल तर तुम्ही खांब लांब ओढता, दर फेरीला एखाद-दोन जास्त घाला. घट्ट, बुटका खांब घालणाऱ्यांची कड १२ वरही लाटा मारते. त्यांनी दर फेरीला एखाद-दोन कमी वाढवावेत. वाढीचे टाके दर फेरीला एकावर एक आले तर गोलाला कोपरे फुटतात, म्हणून पुढच्या फेरीत ते दोन-तीन टाके सरकवावेत. पाचही दोरे एकाच जाडीचे आहेत ना, तेही बघा. एकच रंग जाड निघाला तर त्याच फेरीपासून बिघडतं.

कड जराशीच उचलली असेल तर उसवू नका. सुती रुमाल ओला करून, जाड टॉवेलवर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवला की बसतो. १८ खांबांची तूट मात्र टाचण्यांनी भरून निघत नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत उसवाच.

रंग बदलताना जुन्या रंगाचा ठिपका नव्या खांबाच्या डोक्यावर दिसतो. शिवाय धुतल्यावर गाठी सुटतात. – एक वाचक, बेळगाव

खांब पूर्ण करून रंग बदलता, म्हणून ठिपका दिसतो. खांब घालताना टाक्यातून दोरा वर आणला की सुईवर तीन वेढे असतात, मग दोन-दोन वेढ्यांतून दोरा दोनदा ओढून घेतो आपण. त्यातल्या पहिल्या ओढीनंतर सुईवर दोन वेढे उरतात, तिथे थांबा. जुना दोरा सोडा, नवा सुईवर घ्या आणि त्या दोन वेढ्यांतून ओढा. टाक्याच्या शेवटी सुईवर उरलेला वेढा पुढच्या टाक्याचं डोकं होतो, तो पुढच्याच रंगाचा हवा.

गाठीवर भरवसा ठेवू नका, सुती दोरा गुळगुळीत असल्यामुळे ती सुटते. दोन्ही टोकं १५ सेंटिमीटर ठेवा. शिवणाच्या बोथट सुईत ओवून त्याच रंगाच्या टाक्यांतून एका दिशेला ५ सेंटिमीटर न्या, एक धागा सोडून उलट फिरा, परत एकदा वळा. दोनदा दिशा बदललेलं टोक धुण्यात सहसा सुटत नाही.

लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्याला लागेल का? मिठाच्या पाण्यात बुडवला तर पक्का होईल? – एक वाचक, नाशिक

मीठ किंवा व्हिनेगर घरी घालून सुती दोऱ्याचा सुटणारा रंग पक्का होत नाही. विणण्याआधीच हातभर लाल दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यात १० मिनिटं घट्ट दाबून ठेवा. फडक्यावर गुलाबी छटा आली तर तो लाल पांढऱ्याशेजारी वापरूच नका, मरून किंवा गडद हिरव्यासोबत चालेल. विणून झालं असेल तर गार पाण्यात पटकन धुवा, भिजत ठेवू नका, पिळू नका, घडी न करता सपाट वाळवा. ओल्या घडीतच डाग पडतात.

परदेशी नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब ना? मोजमाप जुळत नाही. – एक वाचक, पुणे

नमुना अमेरिकी असेल तर हो. ब्रिटिश नमुन्यात ‘डबल क्रोशे’ म्हणजे मुका खांब, आणि आपल्या खांबाला तिथे ‘ट्रेबल’ म्हणतात. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसला तर तो अमेरिकी समजा, ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.