वाचनालयासाठी कोहा: कार्यकारिणीच्या ‘वाली कोण?’ या प्रश्नावर

तुमच्या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरची वार्षिक देखभाल रक्कम यंदा वाढली आहे. तुम्हाला कोहा या मोफत, खुल्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरवर जायचे आहे, आणि कार्यकारिणी विचारते आहे की फुकटच्या वस्तूला वाली कोण. आमच्या वाचनालयाचे हे स्थलांतर मी जवळून केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सभेत पैशांपासून सुरुवात करू नका. ‘फुकट’ हा शब्द निघाला की समोरचे लोक दर्जाबद्दल शंका घेतात, आणि पुढचे काही ऐकत नाहीत. आधी एवढेच विचारा: आपली ग्रंथसूची आज कोणाच्या ताब्यात आहे?

आमची ज्या विक्रेत्याच्या ताब्यात होती, त्याने धंदा बंद केला. सॉफ्टवेअर डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय चालत नसे आणि एके दिवशी डोंगलच बिघडले. जुन्या संगणकावरून कशाबशा नोंदी बाहेर काढल्या, तर लेखकांची नावे, शीर्षके, सगळे निरर्थक रोमन अक्षरांत. त्या काळच्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो विशिष्ट फाँट असेल तरच मराठी दिसायची, संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच. आमच्या ग्रंथपाल बाईंनी वीस वर्षे केलेली मेहनत त्यात अडकली होती. ते आठवले की अजून वाईट वाटते.

युनिकोड या सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात आणताना रूपांतरक वापरला, तरी प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घालावी लागली. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे उलट: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे ‘कविता’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, ‘सूर्य’ बिघडतो. शिवाय ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. तुमचीही नोंद जुन्या फाँटात असेल तर आधी शंभर नोंदी रूपांतरित करून बघा आणि हे तीन प्रकार मुद्दाम तपासा.

आता कोहा. १९९९मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टवरही तुमच्यासारखीच प्रणाली बदलायची वेळ आली होती. त्यांची जुनी प्रणाली २०००सालच्या तारखा सांभाळू शकणार नव्हती. त्यांनी कॅटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, २०००च्या जानेवारीत ती सुरू केली आणि जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. कार्यकारिणीला ही हकीकत जरूर सांगा. एका छोट्या वाचनालय संस्थेने स्वतःच्या गरजेतून हे उभे केले, हे ऐकून आमच्या अध्यक्षांचा सूर बदलला होता.

‘वाली कोण’ हा प्रश्न रास्त आहे, तो उडवून लावू नका. कोहासाठी पैसे घेऊन सेवा देणारे लोक भारतात आहेत, आणि तशी सेवा घ्याच. फरक एवढाच की सेवा पटली नाही तर दुसऱ्याकडे जाता येते आणि सूची तुमच्याकडेच राहते. नोंदी मार्क या ग्रंथालयीन मानकात, युनिकोडमध्ये बाहेर काढता येतात. कुणी म्हणालेच की सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेला हे शोभेल का, तर केंद्र सरकारचे २०१५चे ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचे) धोरण दाखवा. ई-प्रशासनाच्या प्रणालींत ओपन सोर्सला प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटले आहे. ते तुम्हाला बंधनकारक नाही, पण सभेत त्याचे वजन पडते.

खर्च मात्र लपवू नका. कोहाचा सर्व्हर लिनक्स या संगणकप्रणालीवर चालतो, तो बसवायला जाणकार माणूस लागतो. बॅकअप रोज व्हायला हवा आणि त्याची एक प्रत वाचनालयाबाहेर असायला हवी. देवघेवीच्या टेबलावर मात्र नुसता ब्राउझर पुरतो. म्हणून तिथले विंडोज तसेच राहू द्या. मी उत्साहाने सगळेच एकदम बदलायला निघालो होतो, आणि देवघेव सांभाळणारी मुले पार गोंधळली. शेवटी दोन महिने जुनी नोंदवही आणि कोहा समांतर चालवले, तेव्हा घडी बसली. परवान्यांचा खर्च वाचल्यामुळे उरलेली रक्कम प्रशिक्षणाला लावा.

आणि देखभालीच्या नव्या करारावर सही होण्याआधी सध्याच्या विक्रेत्याकडून एक गोष्ट लेखी मागा: सर्व नोंदी, सभासदांसह, युनिकोडमध्ये सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) किंवा मार्क स्वरूपात, कधीही मागितल्या तरी मिळतील. ते उत्तर जे काही येईल ते तसेच कार्यकारिणीपुढे ठेवा. नमुन्याच्या शंभर नोंदी हाताशी आल्या की इथे लिहा, रूपांतर तपासायला मी बसतो.