बटण दाबलं, काहीच झालं नाही

प्रश्न: मी देवगडचा. रत्नागिरीत बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांच्या हापूसच्या पेट्यांची बिलं करायला पायथनमध्ये टीकिंटर (खिडक्या-बटणं बनवायचं साधन) वापरून प्रोग्रॅम लिहिला. खिडकी उघडताच कोरं बिल सेव्ह होतं, मग बटण दाबलं तर काहीच होत नाही. ५ डझन आणि ६ डझनांची बेरीज ५६ येते. तीन आठवडे चुकाच काढतोय. बाबा म्हणतात, त्यापेक्षा बागेत ये. मित्र म्हणतात, डेस्कटॉप संपलं, वेब शीक. काय करू?

उत्तर: छप्पन डझनांचं बिल वाशीच्या दलालाला गेलं नाही ना? मग फार बिघडलेलं नाही.

आधी बटण. बटण बनवताना ‘कमांड’पुढे फंक्शनचं, म्हणजे बिल सेव्ह करणाऱ्या तुकड्याचं, नाव लिहून त्याला कंस जोडला असशील. कंस म्हणजे ‘आत्ताच कर’. म्हणून खिडकी तयार होतानाच बिल सेव्ह झालं आणि बटणाच्या हाती काही उरलं नाही. कंस काढ, नुसतं नाव ठेव. बेरजेचं म्हणशील तर चौकटीतून येतो तो मजकूर, आकडा नव्हे. दोन मजकूर शेजारी चिकटले. आधी त्यांचा आकडा करून घे. (गंमत म्हणजे देवनागरी ५ लिहिला तरी पायथनला कळतो.)

या दोन्ही चुकांत एररची लाल अक्षरं आली नाहीत. प्रोग्रॅम गुमान चालला आणि चुकीचा वागला. अशी चूक हुडकून काढायलाच कंपन्या माणसं ठेवतात. वेब शीकच, नव्या नोकऱ्या तिकडे जास्त आहेत. पण जावास्क्रिप्टमध्येही बटणाला फंक्शन जोडताना कंस दिलास, तर हेच होईल. आणि डेस्कटॉप संपलं म्हणणाऱ्यांनी देवगडातल्या एखाद्या दुकानात हिशेबाचं टॅली कशावर चालतं ते बघावं.

मुलाखतीत ‘पायथन येतं’ सगळेच म्हणतात. तू छप्पन डझनांचं सांग: काय दिसलं, शंका कशाची आली, काय बदलून पाहिलं. त्यासाठी वही ठेव आणि एका वेळी एकच बदल कर. सुरुवात टेस्टिंगने किंवा सपोर्टने झाली तरी नाक मुरडू नकोस. पगार आधी बेताचाच असतो आणि बहुधा पुणे-मुंबई गाठावी लागते, हे बाबांना आत्ताच सांगून टाक.

आणि हंगामाआधी बाबांनाच प्रोग्रॅमसमोर बसव. डझनांच्या चौकटीत ते ‘साडेपाच’ असं अक्षरात लिहितील, नाहीतर ती रिकामीच सोडतील. एरर मागच्या काळ्या खिडकीत उमटेल, बाबांना मात्र बटण मेलेलं दिसेल. तू मागे उभा राहा. मदत करू नकोस, लिहून घे.