सिव्हिल इंजिनिअरच्या आयुष्यात कुटुंबाला आणि श्रद्धेला जागा उरते का?

आपण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात. साइटवरच्या आयुष्याविषयी जे ऐकू येते, त्यावरून या पेशात घरच्यांसाठी आणि उपासनेसाठी काही शिल्लक राहते असे आपल्याला वाटत नाही, आणि ज्याला ही दोन्ही मनापासून हवी आहेत त्याने या वाटेला जावे का, असा आपला प्रश्न आहे. मी आधी बरीच वर्षे साइटवर आणि नंतर गुणवत्ता नियंत्रणात काम केले आहे, आणि घर व उपासना या दोन्ही गोष्टी मी कामाइतक्याच गांभीर्याने घेत आलो आहे. माझे उत्तर असे आहे की जरूर जावे. मात्र काम आटोपल्यावर जो वेळ उरेल तो घराला आणि देवाला देऊ, या विचाराने जाऊ नये, कारण या पेशात वेळ आपोआप कधीच उरत नाही.

वेळ नेमका कशात जातो हे आधी समजून घ्यावे, म्हणजे भीतीही योग्य जागी राहील. काँक्रीट एकदा मिसळले की ते आपल्या सोयीसाठी थांबत नाही. पहिला थर घट्ट होण्याआधी त्यावर दुसरा थर पडला नाही, तर दोघांमध्ये कोल्ड जॉइंट तयार होतो, आणि तिथून पुढे पाणी झिरपते व ताकदही कमी पडते. म्हणून मोठ्या स्लॅबचे किंवा जाड पायाचे कास्टिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्याचे काम, सुरू झाले की ते संपेपर्यंत जबाबदार इंजिनिअरला जागा सोडता येत नाही. कडक उन्हाळ्यात काँक्रीटचे तापमान आवाक्यात राहावे म्हणून हे काम रात्री करतात, पुलाचे गर्डर, म्हणजे मोठ्या तुळया, रहदारी बंद ठेवून रात्री चढवतात, आणि पायाच्या खड्ड्यात पाणी शिरले तर पंप लावायला कोणी सकाळची वाट पाहत नाही. या रात्री टळत नाहीत, आणि घरच्यांना त्या तशाच स्पष्टपणे सांगाव्यात.

पण माझे ठाम मत असे आहे की इंजिनिअरच्या घरी न पोहोचलेल्या संध्याकाळींपैकी बहुतेक संध्याकाळी काँक्रीटमुळे बुडत नाहीत, त्या नियोजनाच्या अभावामुळे बुडतात. सळई उशिरा आली, नकाशात शेवटच्या क्षणी बदल झाला, शटरिंगची, म्हणजे काँक्रीट ज्यात ओततात त्या साच्याची, तपासणी दुपारी होऊ शकत असताना दिवस मावळताना सुरू झाली, आणि मग सगळे जण रात्री उशिरापर्यंत थांबले, हे मी वारंवार पाहिले आहे. अशा थांबण्याला साइटवर निष्ठा समजण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. मी पुढच्या आठवड्याचा कास्टिंगचा कार्यक्रम ठरला की तो घरी सांगत असे, आणि मुलांच्या ज्या प्रसंगांना मला हजर राहायचे आहे ते त्याच वेळी सहकाऱ्यांना कळवत असे. आधी सांगितलेली गैरहजेरी घर समजून घेते, आणि आधी सांगितलेली सुट्टी साइटही बहुधा समजून घेते. दोन्हीकडे आयत्या वेळी कळवणारा माणूस मात्र दोन्हीकडचा विश्वास गमावतो.

उपासनेच्या बाबतीत माझा अनुभव असा की तिची वेळ काम सुरू होण्यापूर्वीची असावी, ती थोडी असावी आणि ती मोडू नये. दिवस एकदा सुरू झाला की तो ठेकेदाराचा, मजुरांचा आणि हवामानाचा होतो. ज्यांच्या धर्मात दिवसभरात ठरलेल्या वेळी प्रार्थना करायची असते, त्यांना हा मार्ग पुरत नाही, आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांना ते मोकळेपणाने सांगावे. साइटवर निरनिराळ्या श्रद्धांची माणसे एकत्र असतात, आणि हीच मोठी सोय आहे, कारण एकाच्या पवित्र दिवशी दुसरा हजर राहू शकतो. ओतलेल्या काँक्रीटला किमान सात दिवस, आणि कोरड्या गरम हवेत किंवा मिश्र सिमेंट असल्यास त्याहून अधिक, सतत ओलावा लागतो, आणि ओलावा टिकवण्याचे हे काम, म्हणजे क्युरिंग, नेमके सुट्ट्यांच्या दिवशीच चुकते. सणाच्या दिवशी एकमेकांच्या स्लॅबवर पाणी मारले जाईल हे पाहणारे सहकारी मला मिळाले, आणि मीही त्यांच्यासाठी ते केले. परस्परांच्या श्रद्धेविषयीचा आदर मी भाषणांपेक्षा या कामातून अधिक शिकलो.

वेळेचा प्रश्न इथे संपतो, पण श्रद्धेचा संपत नाही, आणि आपल्या प्रश्नातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग इथून सुरू होतो. सिव्हिल इंजिनिअरचे पुष्कळसे काम झाकले जाते. पायाखालची माती, जमिनीत खोल उतरवलेल्या खांबाचा, म्हणजे पाइलचा, तळ, सळईची जागा, वॉटरप्रूफिंगचा थर, हे सारे काही तासांत किंवा दिवसांत कायमचे दृष्टिआड होते, आणि त्यानंतर उरते ती केवळ आपली सही. सळईवरच्या कव्हरचे, म्हणजे सळई आणि बाहेरचा पृष्ठभाग यांमधल्या काँक्रीटच्या थराचे, उदाहरण घ्या. साध्या परिस्थितीत स्लॅबला ते साधारण 20 मिलिमीटर असते आणि जमिनीखालच्या पायाला 50 मिलिमीटरच्या आसपास. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू आत शिरतो आणि सळईला गंजण्यापासून वाचवणारी त्याची अल्कधर्मिता कमी करत जातो. तो किती खोल पोहोचला हे ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरते. याचा अर्थ असा की कव्हर निम्मे झाले तर सळईपर्यंत पोहोचायला लागणारा काळ निम्मा होत नाही, तो जवळपास एक चतुर्थांश होतो. त्यानंतर सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फुटते. हे अंतर राखण्यासाठी सळईखाली ठेवायचे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, नीट न बसवण्याचे हे फळ दिसेपर्यंत तो इंजिनिअर दुसऱ्या गावी, दुसऱ्या नोकरीत किंवा निवृत्त असतो, आणि त्या छताखाली ज्यांनी त्याला कधी पाहिलेही नाही अशी माणसे राहत असतात.

अशा कामात माणसाला सरळ ठेवते ते काय? नियम असतात, चेकलिस्ट असते, वरिष्ठांची तपासणी असते, आणि ही सगळी आवश्यक आहे. तरीही पहाटे तीन वाजता दमलेल्या टोळीसमोर, कोणीही पाहत नसताना, दबलेली सळई उचलून खाली ब्लॉक ठेवायला लावणारी गोष्ट माझ्यासाठी श्रद्धा होती. आपण पाहिले जात आहोत, ही जाणीव मला तिने दिली. ज्यांची देवावर श्रद्धा नाही असे अत्यंत प्रामाणिक इंजिनिअर मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. मी केवळ माझ्यापुरते सांगतो आहे की माझ्या उपासनेचा खरा उपयोग मला देवघरापेक्षा स्लॅबवर अधिक जाणवला.

त्याच वेळी एक गोष्ट तितक्याच आग्रहाने सांगितली पाहिजे, ती म्हणजे श्रद्धा हा चाचणीला पर्याय नाही. काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीसाठी ओतलेल्या 150 मिलिमीटरच्या क्यूबचा, म्हणजे घनाकृती नमुन्याचा, 28 दिवसांचा निकाल कमी आला, तर प्रार्थनेने तो आकडा वाढत नाही. मग पृष्ठभागावर आघात करून पाहणारा रीबाउंड हॅमर, ध्वनिलहरींची अल्ट्रासोनिक चाचणी, कोअर म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना कापून काढणे, आणि गरज पडल्यास प्रत्यक्ष भारचाचणी, या क्रमानेच जावे लागते, आणि त्यातून जे सत्य निघेल ते मान्य करावे लागते. आपली श्रद्धा आपल्याला निकाल डोळसपणे वाचण्याचे बळ देत असेल तर ती या पेशात वरदान आहे, आणि काही होणार नाही असे म्हणत निकाल बाजूला ठेवायला शिकवत असेल तर ती माणसांच्या जिवावर उठू शकते.

काम थांबवण्याचा निर्णय वेळेवर होणे किती मोलाचे असते, हे कॅनडातील क्यूबेक पुलाने दाखवले. पुलाचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, वाढवल्यावर त्याचे स्वतःचे वजन पुन्हा नीट हिशेबात घेतले गेले नव्हते. दाब घेणारे खालचे भाग वाकू लागल्याचे साइटवरच्या इंजिनिअरने पाहिले आणि तो सल्लागाराला भेटायला न्यूयॉर्कला गेला. आणखी भार चढवू नये, अशी तारही निघाली, परंतु काम थांबण्यापूर्वीच 29 ऑगस्ट 1907 रोजी पूल कोसळला आणि 75 कामगार मेले. कॅनडात 1925 पासून नवे इंजिनिअर एका विधीत जबाबदारीची शपथ घेतात आणि काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. अंगठी त्याच पुलाच्या लोखंडाची असते, ही केवळ आख्यायिका आहे, पण या पेशाला शपथेची गरज वाटावी हे मला अतिशय समजण्यासारखे वाटते.

कुटुंबाविषयी विचार करताना मला नेहमी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन पुलाचा इतिहास आठवतो. त्याची कल्पना मांडणारे जॉन रोबलिंग 1869 मध्ये जागेची पाहणी करताना जखमी झाले आणि धनुर्वाताने गेले. त्यांचे पुत्र वॉशिंग्टन रोबलिंग मुख्य इंजिनिअर झाले. नदीच्या तळाशी दाबाखालील हवा भरलेल्या केसनमध्ये, म्हणजे पाया खोदण्यासाठीच्या बंदिस्त पेटीत, उतरून काम केल्याने त्यांना डीकंप्रेशनचा, म्हणजे हवेचा दाब एकदम कमी झाल्याने होणारा, विकार जडला आणि 1872 नंतर ते जवळजवळ खोलीतच अडकले. त्यांच्या पत्नी एमिली रोबलिंग यांनी पदार्थांची ताकद, केबलची वक्रता आणि तिची बांधणी यांचा अभ्यास केला आणि पतीच्या सूचना साइटवर व साइटचे प्रश्न पतीकडे नेत जवळपास दहा वर्षे हे काम पुढे चालवले. 24 मे 1883 रोजी पूल खुला झाला. या हकिगतीचा उल्लेख बहुधा पत्नीच्या त्यागाची गोष्ट म्हणून होतो, पण मला ती अपुरी वाटते. त्या घराने काम समजून घेतले होते, म्हणून ते काम घराला परके राहिले नाही. आपण घरी केवळ थकवा आणि चिडचिड घेऊन जाऊ नये, काय बांधतो आहोत हेही सांगावे, नकाशा दाखवावा, शक्य असेल तेव्हा पूर्ण झालेल्या पुलावरून मुलांना चालवत न्यावे.

याच पुलाच्या बाबतीत 1878 मध्ये असे उघड झाले की पुरवठादाराने निकृष्ट तार खपवली होती आणि ती केबलमध्ये गुंफलीही गेली होती. आता ती काढता येणे शक्य नव्हते. पूल वाचला तो मूळ आराखड्यात सहा पट सुरक्षेचा हातचा धरलेला होता म्हणून, आणि प्रत्येक केबलमध्ये सुमारे 150 जादा तारा घालण्यात आल्या म्हणून. घराच्या हिशेबातही असा हातचा लागतो, आणि मी हे केवळ उपमा म्हणून म्हणत नाही. माझ्या नोकरीच्या काळात एका प्रकल्पावर सळयांची वरची जाळी तिला उचलून धरणाऱ्या आधारांवरून (चेअरवरून) खाली दबलेली असताना काँक्रीट ओतण्याचा आग्रह झाला. मी पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या परवानगीच्या कागदावर, सही दिली नाही आणि काही काळाने मला त्या प्रकल्पातून बाहेर काढण्यात आले. ती सही न देण्याचे धैर्य माझ्यात आले, कारण आमचा खर्च माझ्या पगारापेक्षा बराच कमी होता, आणि पत्नीने पुढे काय होईल हे कळण्याआधीच सांगितले होते की घर चालेल, तुम्ही मनाविरुद्ध सही करू नका. कर्जाच्या हप्त्यांनी बांधलेल्या इंजिनिअरला नाही म्हणणे फार महाग पडते, आणि समोरच्याला ते ठाऊक असते. म्हणून कुटुंबाची साधी राहणी ही मला या पेशातील नीतिमत्तेचा पाया वाटते.

आयुष्यभर साइटवरच राहिले पाहिजे असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. डिझाइन, कामाची मोजमापे (क्वांटिटी) आणि बिलिंग, नियोजन, गुणवत्ता नियंत्रण, जुन्या बांधकामांची तपासणी व दुरुस्ती, अध्यापन, अशा अनेक वाटा आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच कामांना वेळेचा काही तरी आकार असतो. मुले शाळेत जाऊ लागल्यावर मी गुणवत्ता नियंत्रणात गेलो. बढती उशिरा मिळाली आणि मोठ्या प्रकल्पांची प्रमुखपदे माझ्याकडे आली नाहीत, पण आईच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्याजवळ होतो, आणि मला त्या निर्णयाविषयी समाधान आहे. तरी सुरुवातीची काही वर्षे साइटवर काढावीत असेच मी सांगेन, कारण ज्याने दाट सळईत काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई अडकताना पाहिली आहे, तो नकाशावर सळया काढताना वेगळा विचार करतो.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत काही गोष्टी संकोच न करता विचाराव्यात. आठवड्याची सुट्टी प्रत्यक्षात मिळते का, रात्रीच्या कास्टिंगनंतर दुसऱ्या दिवशी विश्रांती असते का, साइटवर किती इंजिनिअर असतात आणि एकाच्या जागी दुसरा सही करू शकतो का, कुटुंबाला सोबत ठेवण्याची सोय आहे का, आणि गुणवत्ता विभाग प्रकल्पप्रमुखाच्या हाताखाली आहे की त्याचा अहवाल स्वतंत्रपणे वर जातो. शक्य झाल्यास तिथे आधीपासून काम करणाऱ्या, संसारी इंजिनिअरशी एकट्यात बोलून घ्यावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज मात्र नेमणुकीचे पत्र स्वीकारू नये.