वाचक विचारतात: जपानी पॉप

प्रश्न: डिसेंबरात टोकियोला जाणार आहे. तिथे गायिका आडोचा किंवा योआसोबी या जोडीचा कार्यक्रम बघता येईल का? तिकीट ऐनवेळी मिळतं का?

उत्तर: ऐनवेळची आशा सोडा. मोठ्या गायकांची तिकिटं बहुतेक सोडतीनं जातात. आधी फॅनक्लबची सोडत, मग तिकीट कंपन्यांची, उरलीसुरली खुल्या विक्रीला. अर्ज लवकर केला म्हणून नंबर लागत नाही, मुदतीत केला की पुरे. खरी अडचण मोबाइलची. अनेक ठिकाणी जपानी नंबरवर पडताळणी होते, भारतीय सिम तिथे चालत नाही. म्हणून परदेशी प्रेक्षकांसाठी वेगळं विक्रीपान आहे का, ते आधी पाहा.

नंबर लागला तरी मुदतीत पैसे भरले नाहीत तर तिकीट गेलंच. पैसे लॉसन या दुकानसाखळीत भरायचे असतील तर तिथल्या ‘लोप्पी’ यंत्रातून चिठ्ठी निघते. ती 30 मिनिटांत गल्ल्यावर द्यायची, नाहीतर बाद. सोबत्याचं नाव बऱ्याचदा अर्जातच लागतं, पासपोर्टवर आहे तसंच लिहा.

काळ्या बाजाराच्या वाटेला जाऊ नका. जून 2019 पासून चढ्या भावानं तिकीट विकण्याचा धंदा करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. घेणाऱ्यालाही दारातून परत पाठवू शकतात.

आणि हो, आडो मंचावर सावलीसारखीच दिसते, चेहरा दाखवत नाही. दुर्बीण घरीच ठेवा.