वायूचा कण होतो, तो मोजायचा कसा?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त दिल्लीत असतो. तिथल्या थंडीतील प्रदूषणाच्या बातम्यांत ‘वायूंपासून हवेतच तयार झालेले कण’ असा उल्लेख येतो. धूळ, काजळी समजते. पण वायूपासून झालेला कण वेगळा ओळखून मोजतात कसा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खरी अडचण अशी, की हा कण एका रूपात राहत नाही. गाड्यांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हवेत नायट्रिक आम्लाची वाफ तयार होते आणि शेती, जनावरे व सांडपाण्यातून सुटणाऱ्या अमोनियाशी संयोग पावून तिचे अमोनियम नायट्रेट होते. थंड, दमट हवेत हा कण टिकतो आणि ऊन चढले की बराचसा पुन्हा त्याच दोन वायूंत विरून जातो.

म्हणूनच जुनी पद्धत येथे अपुरी पडते. टेफ्लॉनच्या पातळ चकतीतून २४ तास हवा ओढायची, चकतीचे आधीचे व नंतरचे वजन ताडून पाहायचे आणि ती पाण्यात धुऊन क्षार मोजायचे, हे सल्फेटसारख्या सहज न उडणाऱ्या क्षारासाठी ठीक आहे. परंतु पहाटे चकतीवर बसलेले नायट्रेट दुपारपर्यंत तिथूनच उडू लागते.

यावरचा उपाय म्हणजे वायू आणि कण एकाच वेळी, पण वेगवेगळे पकडणे. ‘मार्गा’ या यंत्रात हवा एकात एक बसवलेल्या, सतत फिरणाऱ्या दोन काचनळ्यांमधील फटीतून जाते. नळ्यांच्या भिंतींवर पाण्याचा पातळ थर असतो. वायूचे रेणू चपळ असल्याने भिंतीपर्यंत पोहोचून त्यात विरघळतात. कण त्या मानाने फार संथ, त्यामुळे ते मधूनच पुढे निघून जातात. पुढे वाफेच्या झोतात त्यांच्यावर पाणी धरते, त्यांचे थेंब होतात आणि ते गोळा करता येतात. दोन्ही नमुने आयन क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे पाण्यात विरघळलेले घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या उपकरणात तपासले, की अमोनिया वायुरूपात किती आणि कणांत किती, हे तासागणिक कळते.

आपल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने धुक्याच्या अभ्यासासाठी २०१७-१८च्या हिवाळ्यात दिल्लीच्या विमानतळावर हेच यंत्र चालवले. हे क्षार पाणी ओढून घेतात, म्हणून धुक्याशी त्यांचा थेट संबंध आहे. दिल्लीच्या कणांत नायट्रेट-सल्फेटबरोबर क्लोराइडही ठळकपणे आढळते, आणि ते नुसत्या वजनावरून कधीच कळले नसते.

२००९च्या राष्ट्रीय मानकांत पीएम २.५साठी (अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण) २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर अमोनियासाठी ४०० मायक्रोग्रॅम आहे. कणांतील नायट्रेटला मात्र स्वतंत्र मर्यादा नाही. माझ्या मते मोठ्या शहरांत निदान एका केंद्रावर तरी ही तासागणिक नोंद कायमची सुरू व्हायला हवी. अन्यथा आटोक्यात काय आणायचे, गाड्यांचा धूर की अमोनिया, हे ठरवणार कशावरून?