परत कर, पहिल्या बाटलीपासून

अगं,

तुझा मेसेज काल रात्री पावणेबाराला आला, मी तेव्हाच वाचला, सकाळी चहा घेताना परत वाचला. आठ महिन्यांची रीडिंग्ज, चाळीस विहिरींचं पाणी, आणि आता कळतंय की तुझ्या ब्लँकमध्येच, म्हणजे विहिरीचं पाणी नसलेल्या कोऱ्या नमुन्यातच झिंक आहे. म्हणजे जे झिंक तू विहिरीचं म्हणून वहीत लिहिलंस त्यातलं विहिरीचं किती आणि तुझ्या लॅबचं किती हे आज कोणालाच सांगता येणार नाही. आणि खाली शेवटची ओळ, "काका, ब्लँक वजा करून पुढे जाऊ, का हे सगळं सोडून डेटाचा कोर्स लावू?"

धीर वगैरे देत बसत नाही, तू हुशार आहेस ते तुला माहितीये, मलाही माहितीये, त्यावर वेळ घालवायला नको. तू दोन पर्याय विचारलेस, मी तिसराच सांगतो. परत कर. चाळीसच्या चाळीस विहिरी परत मोज.

आता चिडली असशील. हरकत नाही, चीड आणि पुढचं वाच.

तू ज्या रोगाने त्रासलीयेस ना, तो रोग ज्याने आधी नीट मोजला तो माणूस म्हणजे रॉबर्ट बुन्सेन. बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी त्याच्या नावाचा बर्नर पेटवला आणि तिथेच त्याला सोडून दिला. 1859 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला त्याने आणि किरचॉफ नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने मिळून ज्योतीचा रंग प्रिझममधून बघायला सुरुवात केली. पहिलं यंत्र म्हणजे काय, तर एक प्रिझम, एक सिगारचा खोका आणि जुन्या निकामी दुर्बिणींची दोन टोकं. तुझ्या डिपार्टमेंटच्या आयसीपीची, म्हणजे धातू मोजायच्या त्या यंत्राची किंमत मला माहितीये, म्हणून मुद्दाम सांगतोय. तर त्यांना काय दिसलं, की सोडियमची पिवळी रेष जातच नाही. काहीही ज्योतीत धरा, सोडियम हजर. मग त्यांनी काय केलं, खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात फक्त 3 मिलिग्रॅम सोडियम क्लोरेटचा भडका उडवला, खोली साधारण 60 घनमीटरची, आणि इकडे ज्योतीकडे बघत बसले. काही मिनिटांत ज्योत पिवळी झाली. त्यावरून हिशोब मांडला की एक मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहून कमी सोडियमसुद्धा दिसतं. म्हणजे त्रास देणाऱ्या भेसळीलाच त्यांनी मोजायला घेतलं. तुझ्या ब्लँककडे तू कशी बघतेयस? नशीब फुटल्यासारखी. अगं तेही रीडिंगच आहे, आणि आत्ता तुझ्या वहीत खात्रीचं म्हणावं असं तेवढं एकच आहे.

त्यानंतरची गोष्ट तर तू लक्ष देऊन वाच. ड्युर्कहाइमच्या झऱ्याचं खनिज पाणी, त्यातून कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, मॅग्नेशियम काढून टाकल्यावर उरलेल्या पाण्याचा थेंब ज्योतीत धरला तर दोन निळ्या रेषा दिसल्या ज्या कुठल्याच माहीत असलेल्या धातूच्या नव्हत्या. कोणीही इथेच नाचला असता, पण रेष दिसली म्हणजे मूलद्रव्य हातात आलं असं नाही ना, मग ते हातात घ्यायला त्याने 44 हजार लिटरच्या वर पाणी आटवून घेतलं, एका रसायनाच्या कारखान्यात. उन्हाळ्यात सोसायटीत पाण्याचा टँकर येतो ना दहा हजार लिटरचा, तसे चार टँकर आणि वर थोडं. आणि शेवटी हाताला काय लागलं, सीझियम क्लोराइड सुमारे 7 ग्रॅम आणि त्याच पाण्यातून निघालेलं रुबिडियम क्लोराइड सुमारे 9 ग्रॅम. चहाचे दोन-तीन चमचे भरतील, बस. तू मला चाळीस बाटल्यांचं ओझं सांगतेयस.

पण मला खरं सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे, आणि ते पुस्तकात सहसा नसतं. त्या 7 ग्रॅमवरून त्याने सीझियमचा अणुभार काढला, आला 123 च्या आसपास. छापला. चुकीचा होता. सीझियममध्ये थोडं रुबिडियम राहून गेलं होतं, आणि रुबिडियम हलकं, 85 वालं, त्यामुळे आकडा खाली ओढला गेला. 1863 मध्ये अमेरिकेतल्या दोघांनी जास्त शुद्ध क्षार घेऊन 133 काढला. आता विचार कर, मूलद्रव्य याने शोधलेलं, नाव याने ठेवलेलं, युरोपभर ख्याती, आणि कोणीतरी लांबून सांगतंय की तुमचा आकडा दहाने चुकलाय. याने काय केलं? आपला क्षार परत शुद्ध केला, परत वजनं घेतली, आणि जवळजवळ तोच, 133 चा आकडा आला म्हणून तो छापला. परत केलं. काही टक्के रुबिडियम राहिलं असेल असं धरून जुन्याच आकड्याला करेक्शन लावता आलं असतं की, कागदावर पाच मिनिटांचं काम. नाही लावलं.

तुझ्या "ब्लँक वजा करू का" चं उत्तर इथेच आहे. ब्लँक दर वेळी सारखा आला असता तर मी म्हणालो असतो कर वजा, सगळेच करतात. पण तूच लिहिलंयस, कधी 3 पीपीबी (अब्जात 3 भाग), कधी 19. मग 8 फेब्रुवारीच्या सॅम्पलमधून 3 वजा करणार का 19? सरासरी काढून 11 वजा करणार? हे केमिस्ट्री नाही, हे मनाचं समाधान आहे.

हे मी एवढं तावातावाने का लिहितोय ते तुला सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुला वाटेल काका रिटायर झालेत, वेळ भरपूर आहे, दुसऱ्याला कामाला लावतायत. 1987 साली मीही पीएचडीला नाव घातलं होतं, विषय पाण्याचाच, कडकपणा, ईडीटीएची टायट्रेशन्स, म्हणजे कॅल्शियमसारख्या धातूंना धरून ठेवणारं ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब टाकून मोजायचं. 14 महिने केली. आणि मग एके दिवशी कळलं की मी ईडीटीए साध्या काचेच्या बाटलीत ठेवत होतो आणि दर आठवड्याला स्टँडर्डाइज करत नव्हतो, म्हणजे त्याची ताकद परत तपासत नव्हतो. साध्या काचेतून कॅल्शियम वगैरे द्रावणात उतरतं, ईडीटीए त्यालाच धरून बसतं, आणि त्याची ताकद हळूहळू कमी होत जाते. पॉलिथिनच्या बाटलीत ठेवायचं हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशीची ताकद काढली, त्यावरून एक फॅक्टर काढला आणि 14 महिन्यांच्या सगळ्या आकड्यांना तोच लावला. एकच फॅक्टर. जी बाटली दर आठवड्याला बदलत होती तिला एकच फॅक्टर. दोन रात्रीत काम झालं, पेपर छापूनही आला, कोणी एक प्रश्न विचारला नाही.

पण थीसिस लिहायला बसलो की टेबल नंबर तीनपाशी हात थांबायचा. तो फॅक्टर लावलेल्या आकड्यांचं टेबल. परत करायला सहा महिने लागले असते फार तर, त्या सहा महिन्यांची मला लाज वाटली, लोक काय म्हणतील, गाइड काय म्हणतील, घरी काय सांगू. सहा महिने वाचवले आणि थीसिस झालाच नाही, शेवटी नोंदणी रद्द झाली. तो पेपर आजही कुठल्यातरी लायब्ररीत आहे आणि त्यातले आकडे चूक आहेत हे या जगात मला माहितीये आणि आता तुला.

म्हणून म्हणतो, परत कर. तुझी बाटली बदलत होती, माझीही बदलत होती.

त्यानंतर 31 वर्षं औषधाच्या कंपनीत क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी केली आणि तिथे मी परत कर हे सोडलं नाही, अगदी हट्टाने. एकदा एका बॅचची अॅसे टेस्ट, म्हणजे मूळ औषध किती टक्के आहे ते, 98.6 आली, लिमिट किमान 98.5. पास. मला बरं वाटेना, म्हणून परत लावली, 98.1. वरचे म्हणाले पहिला रिपोर्ट लिही आणि ट्रक सोड. मी म्हटलं नाही, सहा वेळा करणार, नीट सॅम्पल परत काढून. दोन दिवस ट्रक गेटवर उभा, सगळा प्लँट माझ्या नावाने खडे फोडतोय. सरासरी 98.2 आली, बॅच परत प्रोसेसला गेली. त्या वर्षी प्रमोशन माझ्या ज्युनिअरला मिळालं. घरी हिने विचारलं, काय मिळालं तुम्हाला याच्यातून? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पण आकडा 98.2 च होता गं. ते औषध कोणाच्यातरी पोटात जाणार होतं. मी बरोबर होतो, आणि मी ते आज इतक्या वर्षांनीही तेवढ्याच ठामपणे म्हणेन, कोणाला आवडो न आवडो.

बुन्सेनचं एक अजून सांगतो आणि मग तुझ्या बाटल्यांकडे येतो. 1874 ची गोष्ट, तेव्हा तो साठीच्या पुढचा. दुर्मिळ मृदा धातूंच्या ठिणगीचे स्पेक्ट्रम, रेष न् रेष मोजून, नकाशे काढून, हस्तलिखित तयार. टेबलावर कागदांजवळ पाण्याची बाटली होती, हा बाहेर गेला असताना तिच्यावर ऊन पडलं, भिंगासारखं एका ठिकाणी जमलं आणि कागद पेटले. परत आला तर राख. तरुणपणी कॅकोडिल या आर्सेनिकच्या संयुगाच्या स्फोटात एका डोळ्याची नजर गेलेली, आर्सेनिकची विषबाधा होऊन मरता मरता वाचलेला, म्हणजे हे सगळं निरीक्षण एका डोळ्याने केलेलं. त्याने परत केलं. सगळी मापं परत. 1875 ला छापून आलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पन्नाशीत होतो आणि अक्षरशः पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो, कारण मला माझे सहा महिने आठवले.

आणि कृपा करून मला म्हणू नकोस की तो मोठा माणूस होता, त्याच्याकडे हायडेलबर्गची लॅब होती. होती. तुझ्याकडेही आहे, त्याच्यापेक्षा चांगली.

डेटाचा कोर्स वाईट नाही, माझा पुतण्या त्यातच आहे, सुखात आहे. पण हे अर्धवट टाकून जाऊ नकोस. हे पूर्ण करून, नीट आकडे हातात घेऊन मग जायचं तर जा, मी स्वतः स्टेशनवर सोडायला येईन. टेबल नंबर तीन मागे ठेवून गेलीस तर ते तुझ्याबरोबर येतं. मला विचार.

आता काम. मला तुझ्या ग्लव्हजचा संशय आहे. तुम्ही पावडरवाले लॅटेक्सचे वापरता का? त्यात झिंक असतं, भरपूर असतं, पावडर उडते आणि बाटलीच्या तोंडाशी बसते, ब्लँक एकदा 3 आणि एकदा 19 येण्याचं कारण तेच असू शकेल. सोमवारी गेलीस की सॅम्पलला हात लावू नकोस. पाच बाटल्या घे, प्लास्टिकच्या, 10 टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेव, मंगळवारी डीआय, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने तीनदा धू. दोन बाटल्या नेहमीच्या ग्लव्हजनी भर, दोन बिनपावडरच्या नायट्राइलनी, आणि पाचवी भरून झाकण न लावता नुसती बेंचवर ठेव दिवसभर. सगळ्यात फक्त डीआय पाणी आणि तेच ॲसिड. पाचही आयसीपीला लाव, प्रत्येक तीन वेळा. ॲसिडच्या बाटलीचा लॉट नंबर वहीत लिही, विसरू नकोस, तो तू मागच्या आठ महिन्यांत कधीच लिहिलेला नाहीस, मी फोटो बघितलेत.

गाइडशी मी बोलायला तयार आहे, पण आधी तूच बोल, आणि "चूक झाली" असं स्पष्ट म्हण, "थोडा इश्यू आहे" नको.

पाच बाटल्यांचे आकडे आले की लगेच पाठव, रात्री कितीही वाजले असतील तरी. मी जागा असतो.

काका